भिजवलेल्या हरभऱ्यांची देवी

त्रिवेणीच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानी होती, खंडोबा होता, आणि दोघांच्या मधे एक देवी होती जिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरीएवढा गोल पितळी टाक, त्यावर शेंदराचे थरावर थर. सासूबाई लग्न होऊन विद्यानगरच्या या घरात आल्या तेव्हाही ती होतीच. त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं होतं, "हिला गोड चालत नाही गं. मंगळवारी भिजवलेले हरभरे ठेवायचे." त्रिवेणी तापाने फणफणली असली तरी सोमवारी रात्री हरभरे भिजत पडायचेच.

यंदा लेकीने, तन्वीने, पणजीचा ध्यास घेतला. मराठी मंडळ प्रदर्शन भरवत होतं, कुणी न केलेलं काम पहिल्यांदा करणाऱ्या बायकांचं. आणि त्रिवेणीच्या नवऱ्याची, प्रकाशची, आजी मालनबाई म्हणे काचीगुडा स्टेशनवर झटका चालवायची. घोड्याचा झटका, म्हणजे टांगाच, सवाऱ्या भरून, पुरुषांच्या रांगेत. पण 'म्हणे'च्या पुढे काही नाही. प्रकाशच्या वडिलांना ते सांगायची लाज वाटायची, त्यामुळे ना फोटो ना काही.

"ऐकीव गोष्ट भिंतीवर कशी लावू?" मंडळाचे हिम्मतराव म्हणाले. "रविवारपर्यंत एखादी वस्तू आणा. नाहीतर मालनबाई राहिल्या."

तन्वीने विचारत विचारत स्टेशनमागच्या गल्लीतल्या जैनबआपा शोधून काढल्या. त्यांचे वडील त्याच रांगेतले झटकेवाले. आता नव्वदीला टेकलेल्या आपा पलंगावर बसून पान कुटत होत्या. तन्वी आईलाही सोबत घेऊन गेली.

"मालनबाई? हौ तो," आपा हसल्या. "मेरे अब्बा डरते थे उससे. सब सवारियां उसीके पास जाते. भीगे चने पहले घोड़े को, फिर आप खाती."

"फोटो असेल का हो कुणाकडे?"

"फोटो कायकू? बिल्ला था ना. पीतल का, इत्ता बड़ा, बाजू पे बांधती," आपांनी आपला दंड दाखवला. "दो सुराख, उसमें से पट्टी. बिल्ले के बगैर सवारी नक्को, ऐसा कानून था. हर दसरे को पूजा में रखती, बोलती, ये मेरी रोटी है. आखरी दसरे को भी रखी. उठाने से पहले बुखार में चली गई बिचारी."

त्रिवेणीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. देवीच्या टाकाला कडेला दोन भोकं होती. शेंदराखाली बोटाला लागत. त्यातल्या एकात ती रोज फुलाचा देठ खोवायची. हे घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

परतताना रिक्षात तन्वी हिरमुसली होती. "बिल्ला भंगारात गेला असणार. आई, तू का गप्प?"

"जप चाललाय," त्रिवेणी म्हणाली.

जप चालला नव्हता. तन्वीच्या टायफॉइडमध्ये, प्रकाशच्या ऑपरेशनच्या वेळी ती याच देवीपुढे पदर पसरून बसली होती. ती देवीच नसेल, तर ते सगळं मागितलं कुणाकडे? आणि शेंदूर खरवडायचा म्हणजे देवीच्या अंगाला हात घालायचा. बरं, गप्प बसावं, तर मालनबाई राहिल्या.

सकाळी आंघोळ करून तिने कौल लावला. ओली करून दोन फुलं टाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवली. "उजवं दिलंस तर शेंदूर काढते, डावं दिलंस तर हा विषय संपला," असं मनात बोलून हात जोडून बसली. फुलं काही हलेनात. चहाची वेळ टळली. तेवढ्यात प्रकाश फिरून घामाघूम आला आणि त्याने पंखा लावला.

"अहो, दिवा," म्हणत तिने समईला हाताचा आडोसा केला. आणि उजवं फूल उडून तिच्या मांडीवर येऊन पडलं.

प्रकाश ओशाळला. "मोडला का कौल? परत लाव."

"राहू दे. कुणाच्या हातून द्यायचा ते तिचं तिला कळतं."

तिळाचं तेल चोळून, मऊ फडक्याने पुसत तिने एकेक थर उतरवला. खालून पितळ उजळलं, आणि त्यावर उर्दू अक्षरं. तन्वीने आपांना व्हिडिओ कॉल लावला. आपांनी चष्मा पुसून वाचलं, "मालन बाई. झटका. काचीगुडा."

तन्वी देव्हाऱ्यापुढेच फतकल मारून बसली. "म्हणजे इतकी वर्षं आपण पणजीला हरभरे घालतोय?"

"पणजीला कुठे," प्रकाश म्हणाला, "घोड्याला."

त्रिवेणीलाही हसू आलं. हसता हसता मनातला काटा निघून गेला. जिने जन्मभर लोकांना घरी पोचवलं, तिच्याकडे मागितलेलं पोचायचं थोडंच राहिलं असेल?

रविवारी बिल्ला मंडळात गेला, पण त्रिवेणीच्या अटीवर. सकाळची पूजा झाल्यावर न्यायचा, दिवेलागणीला परत खंडोबा-भवानीच्या मधे. हिम्मतरावांनीही आपली अट घातली, "वहिनी, हळदकुंकू नको. अक्षरं दिसू देत." ती कबूल झाली. मात्र काचेच्या पेटीशेजारी तिने भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी ठेवली.

येणारा जाणारा प्रसाद समजून चार दाणे तोंडात टाकत होता. हिम्मतरावांनीही मूठभर घेतले.

"मीठ नाही हो यात, वहिनी."

"घोड्याचे आहेत ते," त्रिवेणी हळूच म्हणाली, आणि वाटी पुन्हा भरायला वळली.