सगुणाबाईंची तारखेची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी वायरची पिशवी आहे. हिरवी-पांढरी. आता हिरवा रंग कुठला आणि पांढरा कुठला, ते मलाच सांगता येत नाही. शिरूरच्या बाजारातून वायर आणून सगुणाबाईंनी मला विणलं, तेव्हा शेजारणी मुद्दाम हातात घेऊन बघायच्या. "अगं बया, काय बारीक वीण हाय!" म्हणायच्या. मी फुगून जायचे.

मग अठ्ठ्याण्णव साली गावातल्या एका विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली आणि आळ सगुणाबाईंच्या महेंद्रवर आला. त्याला तुरुंगात नेलं, तेव्हा त्याची लेक गौतमी पाळण्यात होती. खरं तर चोरीच्या दिवशी सकाळपासून तो पाटसला साखर कारखान्यावर होता, उसाची गाडी घेऊन. वजनकाट्याची पावतीच होती: नाव, तारीख, वेळ. सगुणाबाईंनी ती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवली.

वकील लावायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टाने एक वकीलसाहेब दिले. पहिल्या तारखेला ते घाईतच भेटले. बाईंनी माझ्यात हात घातला, तोच म्हणाले, "मावशी, आत्ता नको. कागद जपून ठेवा. मी मागेन तेव्हा माझ्याच हातात द्या."

झालं! बाईंनी तो शब्द गाठीला बांधला आणि साहेब मागायचे विसरले. कधी यायचेच नाहीत. कधी दुसऱ्याला पाठवून पुढची तारीख घ्यायचे. आले तरी "बघतो, बघतो" म्हणत स्कूटरला किक मारायचे. जामिनाचा अर्जही राहिला. घरी फोन लावला की उत्तर यायचं, साहेब अंघोळीला गेलेत. दुपारी तीन वाजता कसली अंघोळ, सांगा बरं!

आम्ही दोघी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहायचो. महेंद्रसाठी माझ्यात भाकरी आणि लसणाची चटणी असायची. माझे बंद तुटले, सुतळीने बांधले. चहावाला बन्सी म्हणायचा, "मावशे, दुसऱ्या कुणाकडं तरी दे की ती पावती."

"न्हाई बाबा. साहेब म्हनलेत, त्यांच्याच हातात. आन् कुणी गहाळ केली म्हंजी? पोराचं येवढंच हाय माझ्याकडं."

मला बाईंचा राग यायचा आणि कीवही यायची. अशीच दीड वर्षं गेली.

एका तारखेला वकील पुन्हा गैरहजर. नव्या न्यायाधीशबाई आल्या होत्या. वैतागून त्यांनी फाईल मिटली आणि त्यांची नजर दारात गेली. "आजी, पिशवी एवढी कवटाळून का उभ्या आहात? काय आहे तिच्यात?"

इतक्या दिवसांत कोर्टात हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.

बाईंनी माझ्या तळातून पावती काढून त्यांच्यापुढे ठेवली. प्लॅस्टिकच्या घडीतून चटणीचं तेल झिरपून ती पिवळी झाली होती, पण आकडे शाबूत होते. कारखान्याची वही मागवली, नोंद जुळली, दोन महिन्यांत महेंद्र सुटला. त्या दिवशी वकीलसाहेब अगदी वेळेवर हजर. "मला दाखवायची नाही का, मावशी?" म्हणाले. बाईंनी मला काखेत मारलं आणि लेकाचा हात धरला.

घरी महेंद्रने हात पुढे केले, तर गौतमी घाबरून आजीला बिलगली. "आजी, ह्यो कोन हाय?"

महेंद्र तसाच उंबऱ्यात खाली बसला.

आता मी खुंटीला असते, माझ्यात कांदे असतात. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं आयुष्य झालं. पण उद्या तुमच्यापैकी कुणी काळा कोट घातला आणि दारात कुणी म्हातारी पिशवी कवटाळून उभी दिसली, तर स्कूटरला किक मारायच्या आधी एवढं विचारा, "मावशी, पिशवीत काय आहे?"