पुसलेलं नाव

सोमवार असल्यामुळे वर्षालीच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. चाकणच्या त्या छोट्या कंपनीत ती मशीनच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहायची. बाहेर टेम्पोत नवं मशीन चढत होतं, आणि आत, एक शंका म्हणून, त्या मशीनसाठी तिनं नेटवरून घेतलेला मूळ कोड पुन्हा उघडल्यावर, तिचे डोळे पहिल्याच ओळींवर खिळले.

कोड कुणा परक्या माणसानं फुकट दिलेला. वर त्याचं नाव आणि अट: हे वापरून केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर तुमचा सगळा कोडही त्याला याच अटीवर द्या. इथली रीत अशी, की माल निघण्याआधी प्रत्येक फाइलच्या माथ्यावरचं सगळं काढून कंपनीचं नाव घालायचं. वर्षालीनं न वाचताच काढलं होतं. आणि तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

महादेवाचं नाव घेत ती मालकांच्या, रंगरावांच्या केबिनमध्ये गेली आणि ती अट सांगितली.

"फुकटच्याला कसली आलीय अट?" ते हसले. "पोरी, काहीतरी खा आधी. उपासानं डोकं फिरलंय तुझं."

"सर, त्याला पैसे नकोत. पण अट मोडली तर वापरायचा हक्कच जातो."

"मग देऊ की कोड. कुणाला द्यायचा?"

"ज्यांना मशीन देतो त्यांना. आणि ते पुढं कुणालाही देऊ शकतात."

रंगरावांचं हसू मावळलं. "म्हंजी आमची सगळी मेहनत शेजारच्या शेडवाल्याच्या घशात? न्हाई जमायचं. कुणाला कळतंय?"

"नाव मी पुसलंय, सर. मला रोज दिसेल ते."

रंगराव खुर्चीतून उठले. मग खिडकीतून ओरडले, "ए सुजित, टेम्पो थांबव रे!" तिच्याकडे न बघता म्हणाले, "तेवढा भाग काढून स्वतः लिही. गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खातो."

सुटले, असं वाटून ती दारापर्यंत गेली. तिथंच पाय अडला. दिवाळीत तळेगावला गेलेल्या मशीनमध्येही तोच कोड होता. रंगरावांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. गप्प राहिलं तर नोकरी राहील. पण संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा होता.

"सर," ती वळली. "तळेगावचं मशीन..."

रंगरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दार लाव," ते म्हणाले. "आन् बस खाली. तळेगाववाल्यांना काय सांगायचं ते ठरवू."