ऑफिसचे दहा

अर्जाच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती. ‘आपणांस अध्यापनासाठी काय प्रेरित करते, ते दोनशे शब्दांत लिहा.’ मी लिहिलं, ‘घंटा.’

आमचे हेडसर साबिन चोबोत्या यांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“वेतुरियाबाई, ही थट्टा करायची जागा आहे का?”

“थट्टा कसली? घंटा होते, मी उठते, वर्गात जाते. एकोणतीस वर्षं हेच चाललंय.”

“माझं उतरवून घ्या,” ते म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढली. ‘मुलांच्या डोळ्यांतील चमक’ इथून तिची सुरुवात होत होती. हाच मजकूर उतरवून आमच्या शाळेतल्या सहा जणांनी गुणवत्तेची वेतनवाढ पदरात पाडून घेतली होती. साबिन स्वतः व्यायामाचे शिक्षक. मुलं मैदानाला चकरा मारायची आणि हे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचे. चमक दिसायची तरी कुठून? पण मी मुकाट्याने उतरवून घेतलं. त्या वसंतात मी बऱ्याच गोष्टी मुकाट्याने केल्या, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

मी रसायनशास्त्र शिकवते. मला मुलांविषयी माया वगैरे फारशी नाही, हे आधीच सांगून टाकते. मला चुकीचं समीकरण सहन होत नाही, एवढंच. फळ्यावर कुणी न जुळलेलं समीकरण सोडून गेलं असेल, तर मी कोट अंगावर चढवलेला असला तरी परत आत येते, जुळवते आणि मगच घरी जाते. त्यातूनच बुधवारचा तास सुरू झाला. शेवटची घंटा झाल्यावर, प्रयोगशाळेत, ज्याला काही कळत नाही त्याने यावं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. अठरा वर्षं तो चालला.

यंदाच्या फेब्रुवारीत मी तो बंद केला.

कारण ही फाईल. आयुष्यात एकदाही मी वेतनवाढीसाठी अर्ज केला नव्हता. पण यंदा नव्या वेळापत्रकात माझं नाव चुकून ‘निवृत्त’ या रकान्यात छापलं गेलं, आणि दोन आठवडे ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी मावसबहीण लेओन्तिना हिचं औषधी वनस्पतींचं मोठं दुकान आहे. तिला रसायनं कळणारं माणूस हवंच होतं.

“ये गं माझ्याकडे,” ती म्हणाली, “चारला सुट्टी, आणि कुणाला काही समजावून सांगायचं नाही. गिऱ्हाईक विचारतं, आपण पुडी देतो. पण शुक्रवारी दुपारपर्यंत कळव. नंतर मी दुसरी बाई बघते.”

त्याच शुक्रवारी बारा वाजता फाईल स्वीकारायची मुदत संपणार होती. मी मनाशी ठरवून टाकलं. फाईल घेतली तर राहीन, नाही घेतली तर पुड्या बांधीन. एकोणतीस वर्षांत एकदा तरी कुणीतरी कागदावर म्हणावं, की ही बाई चांगलं शिकवते. तेवढंच मला हवं होतं.

तर फेब्रुवारी ते मे दर बुधवारी मी कागद गोळा करत हिंडले. ‘शिक्षक आणि पर्यावरण’ या चर्चासत्राला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र. बालवाडीशी सहकार्याचा करार, ज्यात चार वर्षांच्या पोरांना मी लिटमसचा कागद दाखवला आणि त्यातल्या एकाने तो खाल्ला. रोपं लावतानाचे फोटो. प्रत्येक कागदावर शिक्का, प्रत्येक शिक्क्यासाठी खेटे. नाकी नऊ आले. आणि प्रत्येक कागदामागे गुण. शंभरपैकी पंच्याऐंशीच्या खाली असेल, तर फाईल घ्यायचीच नाही असा नियम. बेरीज आपली आपण करायची. मी केली. सत्त्याऐंशी झाले. हेडसरांनी न वाचता पानापानावर सही ठोकली.

शुक्रवारी साडेनऊला मी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात खिडकीसमोर उभी होते. खिडकीत झाम्फिरा पामफिल. माझीच जुनी विद्यार्थिनी, बुधवारच्या तासाला दोन वर्षं नेमाने येणारी.

“बाई! तुम्ही आणि फाईल?” ती म्हणाली आणि बोटावर बेरीज करू लागली. मग थांबली. पुन्हा केली. “बाई, सत्त्याऐंशी कुठून आले? माझे सत्त्याहत्तर होताहेत.”

“शाळेतही तुझं गणित कच्चंच होतं.”

“होतं खरं. पण आता मी दिवसभर हेच करते ना.” तिने पान माझ्याकडे फिरवलं. “हे बघा. पहिल्या रकान्याच्याही वर, तुमच्याच अक्षरात. ‘ऑफिसचे: १०’.”

मी खिडकीत वाकून पाहिलं. होतेच.

आमच्याकडे प्रत्येक पेपरात शंभरातले दहा गुण ऑफिसचे असतात. मुलगा आला, त्याने वर नाव लिहिलं, बाकी कोरा कागद दिला, तरी ते दहा त्याचे. पेपर तपासायला घेतला की आधी कोपऱ्यात दहा लिहायचे आणि मग पुढचं मोजायचं. एकोणतीस वर्षांत मी हजारो कागदांवर ते लिहिले असतील. स्वतःचा कागद पुढ्यात आला, तेव्हाही हाताने तेच केलं.

“बाई,” झाम्फिरा हसू दाबत म्हणाली, “इथे ऑफिसचे नसतात हो.”

मागच्या टेबलावरच्या दोघी उठून बघायला आल्या. एकीने तर कॉफीचा कप खाली ठेवला आणि डोळे पुसले. हसा, म्हटलं, हसा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण रागवायचं कुणावर? अक्षर माझंच होतं.

“थांबा,” झाम्फिरा पानं उलटत म्हणाली. “हा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय. ‘मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य जादा तास.’ दहा गुण! बाई, बुधवारचा तास! शिक्षकांच्या हजेरीपुस्तकाची नक्कल जोडा, झाले सत्त्याऐंशी.”

“मी त्या तासाची सही कधी केलीच नाही.”

“का?”

“कुणी पगार देत नव्हतं, तर सही कशाला?”

“पण मी होते ना तिथे! मला रसायनशास्त्रात पास कुणी केलं?”

“मग लिहून दे तसं.”

झाम्फिराचा चेहरा पडला. “माझी साक्ष चालत नाही, बाई. मी ऑफिस आहे.” मग हळूच म्हणाली, “ऑफिस मी, आणि ऑफिसचे दहा मलाच देता येत नाहीत बघा. बाराच्या आत हजेरीपुस्तकाची नक्कल आणि एका विद्यार्थ्याचं निवेदन आणा. फक्त चालू वर्षाचं लागतं. सलग.”

चालू वर्षाचं. सलग. अठरा वर्षांतलं नेमकं हे एकच वर्ष, ज्यात मी कागदांच्या मागे लागून तो तास बंद केला होता.  फाईल काखेत मारली आणि दोन गल्ल्या ओलांडून शाळेत आले.

हेडसरांना यात काही अडचणच दिसली नाही. त्यांनी हजेरीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

“सप्टेंबरपासूनच्या सगळ्या बुधवारांपुढे सही करा. दहा मिनिटांचं काम. मी शिक्का मारतो.”

“फेब्रुवारीपासून तास झालेलाच नाही, हेडसर.”

“आधी सतरा वर्षं झाला ना? सरासरी काढा की! निवेदनाला एखादी पोरगी मी बोलावतो.”

मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू? सप्टेंबर भरला, ऑक्टोबर भरला, जानेवारीपर्यंत सगळं खरं होतं. फेब्रुवारीच्या पानावर हात थबकला, तेवढ्यात दोम्निका आत आली.

दोम्निका लुपू, अकरावीची. लांबच्या खेड्यातून मिनीबसने येते. हेडसरांनी तिच्यापुढे कागद ठेवला. “इथे लिही, की बुधवारचा तास वर्षभर झाला. आणि सही कर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “सगळे बुधवार, बाई?”

“सगळे,” हेडसर म्हणाले.

“मी यायचे सगळ्या बुधवारी. बस साडेचारचीच असते ना. दार बंद असायचं, मग मी पायरीवर बसून माझं माझं करायचे.” ती गोंधळली होती, चिडलेली अजिबात नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. “त्याला तास म्हणायचं का, बाई? म्हणायचं असेल तर करते सही. वही पण आहे माझ्याकडे. दाखवू?”

“वही! उत्तम! वहीची पण नक्कल जोडू,” हेडसर म्हणाले आणि झेरॉक्सचं यंत्र तापवायला बाहेर पळाले.

मी वही उघडली. दर पानावर वर तारीख. बुधवार, बुधवार, बुधवार. सगळी समीकरणं जुळलेली. तिने खाली रेघ ओढून बरोबरची खूणही स्वतःच केली होती. आणि एकजात सगळी चूक! ऑक्सिजन उरतोय म्हणून तिने पाण्याच्याच सूत्रात, ऑक्सिजनच्या खाली, आणखी एक ‘२’ घुसडला होता. आकडे जुळले, पण पाण्याचं पाणी राहिलं नव्हतं, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं होतं. चार महिने ही पोरगी पायरीवर बसून चुकीचं पाठ करत होती.

“हे काय आहे?” मी ओरडलेच.

“पाणी, बाई.”

“हे पाणी? हे प्यायलीस तर घसा जळेल! आकडा पुढे लावायचा, पोटात घुसडायचा नाही. किती वेळा सांगितलं होतं?”

“हे नव्हतं सांगितलं, बाई. हे फेब्रुवारीनंतरचं आहे.”

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हजेरीपुस्तक मी कोपराने बाजूला ढकललं, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी रागावलेली होते. हेडसरांवर, झाम्फिरावर, त्या चर्चासत्रावर, लिटमस खाणाऱ्या त्या पोरावर, पण सगळ्यात जास्त त्या पाण्याखालच्या दोनावर. तो तसा ठेवून मला कुठेच जाता येईना. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर दोम्निका म्हणाली, “अच्छा, म्हणजे पदार्थाला हात नाही लावायचा,” आणि मी म्हटलं, “मग इतका वेळ मी काय सांगतेय?”

हेडसर दारात आले. “बाई, पावणेबारा! फेब्रुवारी भरला का?”

“थांबा, इथे ऑक्सिजन जुळत नाहीये.”

“खड्ड्यात गेला तो ऑक्सिजन! मी इतकी धावपळ करतोय ती कुणासाठी?”

“तुमचं बरोबर आहे, हेडसर. पण थांबा.”

ते थांबले नाहीत. मग बाराचे ठोके पडले. मला ते ऐकू आले होते, आलेच नाहीत असं मी म्हणणार नाही.

सव्वाबाराला टेबलावरचा फोन थरथरला. लेओन्तिना.

“काय ठरलं गं तुझं? ती दुसरी बाई इथे समोर बसलीय.”

“आत्ता नको, मी कामात आहे.”

“आज शुक्रवार आहे, वेतुरिया! नाही समजू का मी?”

“समज,” मी म्हटलं आणि फोन ठेवला, कारण दोम्निकाने पुन्हा तो दोन चुकीच्या जागी लिहिला होता.