दारावरची पुसट अक्षरं

गॅरेजचं शटर वर केलं आणि थेट पिकअपकडे धावले. पिकअपच्या दारावरची ‘हॉर्वाथ अँड सन्स’ ही अक्षरं कोरी करकरीत पिवळी झाली होती.

“बाबा, हे काय केलंत?”

“काल तू फोनवर होतीस ना, तेवढ्यात उरकलं,” बाबा खुशीत म्हणाले. “अगदीच उडाली होती गं.”

बाबा एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं पेंटर होते. उडालेला रंग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. इथे कॅनडात, सस्काटूनला आल्यापासून त्यांना घरी करमेना, म्हणून मीच त्यांना कामावर घेऊन आले होते. माझंच चुकलं.

“ती मीच उडवली होती! तीन आठवडे घासून!”

आम्ही हॉट रॉड बनवतो, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवं दांडगं इंजिन. हल्लीची फॅशन अशी, की बाहेरून मात्र गाडी पन्नास वर्षं शेतात पडून असल्यासारखी दिसली पाहिजे. गंजसुद्धा रंगवायचा! हॉर्वाथ हे आमचं गिऱ्हाईक; त्याच्या वडिलांच्या या पिकअपचं मूळ दार सडलं होतं, म्हणून मी नव्या दारावर जुनेपण चढवलं होतं. अकरा वाजता तो बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं, तरच गॅरेजचा मालक माझ्या पीआरसाठीच्या, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठीच्या, पत्रावर सही करणार होता. आत्ता सव्वादहा झाले होते.

मी पॉलिश पेपर घेऊन अक्षरांवर तुटून पडले. बाबांनी तो काढून घेतला. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

“यांचा ड्रायव्हर कोपर बाहेर काढून बसायचा का?”

“बसत असेल. मला काय माहीत!”

“मग रंग आधी खिडकीपाशी जातो. तू सगळीकडे सारखंच घासलं होतंस.”

भांडायला वेळ नव्हता. ते घासत राहिले, मी घड्याळ बघत राहिले.

हॉर्वाथ पाच मिनिटं आधीच आला. दारावरून एकदा हात फिरवला. मग आत चढला, काच खाली केली आणि डावं कोपर बाहेर ठेवलं. ते नेमकं उघड्या पडलेल्या पत्र्यावर टेकलं.

“दॅट्स व्हेअर डॅड्स आर्म वॉज,” तो कसाबसा म्हणाला आणि त्यानं टोपीत तोंड लपवलं.

बाबांना इंग्रजी कळत नाही. त्यांनी घाबरून पॉलिश पेपर पाठीमागे लपवला.

“आवडलं नाही वाटतं,” ते माझ्या कानाशी पुटपुटले. “पत्र गेलं का गं तुझं?”