माझं झालंय

खोटारडी म्हणे मी! या यामिनीला साधं वय चोरता येत नाही, आणि एका यंत्राने मला खोटारडी ठरवलं.

तोक्योतल्या एका परदेशी वकिलातीत दुभाष्याची जागा निघाली होती. सरकारी, कायमची. अकरा वर्षं मी जपानमध्ये ‘स्वानंदची बायको’ म्हणून काढली. बेंतोच्या कारखान्यात पार्टटाइम डबे भरले, जपानीची सगळ्यात वरची परीक्षा पास झाले. त्यामुळे ही नोकरी मला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. लेखी झालं, मुलाखत झाली, राहिली फक्त पॉलिग्राफ.

छातीला पट्टे, बोटांना तारा. चाचणी घेणाऱ्या बाईंनी आधीच विचारलं, "नाश्ता केलात ना? उपाशीपोटी आम्ही चाचणी घेत नाही."

"हो हो, माझं झालंय," मी म्हणाले.

कुठलं झालंय! संकष्टी होती. सकाळपासून पोटात घोटभर कोरा चहा. पण परक्याच्या दारात जाऊन ‘मी उपाशी आहे’ असं कोण सांगतं? तोंडातून आपोआप गेलं.

चोरी, दारू, अफू, सगळ्याला ‘नाही’ म्हटलं. काहीच अडलं नाही. मग प्रश्न आला, "तुमची अशी काही गोष्ट आहे का, जी घरात कुणालाच माहीत नाही?" मी "नाही" म्हणाले आणि त्याच क्षणी ती संकष्टी आठवली. तिथेच यंत्र अडलं.

शनिवारी सकाळी मेल आला. एका उत्तराचा निकाल स्पष्ट नाही. पुढच्या महिन्यात पाच तारखेला पुन्हा चाचणी देता येईल. यायचं नसेल तर अर्ज बंद होईल, सोमवारपर्यंत कळवा.

मी म्हटलं, गेले खड्ड्यात! परत पट्टे बांधून घ्यायला मी काय दरोडा घातलाय? पण अर्ज बंद म्हणजे परत ते डबे भरणं. त्या विचाराने आणखीच संताप आला.

स्वानंद टेबलापाशी चहा पीत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याने मोबाइल बाजूला ठेवला.

"कुठल्या प्रश्नावर अडलं?"

मी प्रश्न सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे, आहे का असं काही?"

"नाही रे बाबा!"

"मग यंत्र उगाच बोंबललं? दे ना परत. मलाही कळेल."

मलाही कळेल! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रिजवर त्याचं बीपीचं यंत्र होतं. ते काढलं, पट्टा त्याच्या दंडाला आवळला आणि बटण दाबलं.

"आता तू दे चाचणी. महिन्यातून एक दिवस मी चंद्र उगवेपर्यंत काही खात नाही. कुठला दिवस?"

"तू? तू कुठे उपास करतेस? तुझं तर नेहमी आधीच झालेलं असतं."

"संकष्टी! उरायासु शहरातल्या घरात होतो आपण. तुझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट मोडायला निघालं होतं, तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. तेव्हापासून धरलीय. बोलून दाखवायचं नसतं म्हणून नाही सांगितलं. पण तुला दिसूही नये? अकरा वर्षं एकाच टेबलावर जेवतो आपण!"

"शित्तेरु," स्वप्ना म्हणाली. माहितीये. दहा वर्षांची आमची लेक, वहीतून मान वर न करता बोलली.

"काय माहितीये गं?"

"त्या दिवशी आई माझा उरलेला भात खात नाही. एरवी खाते."

मला एकदम रडूच आलं. स्वानंदच्या दंडावरचं यंत्र टूं टूं वाजलं आणि आकडा दिसला, एकशे अडुसष्ट.

मी डोळे पुसले, लॅपटॉप ओढला आणि लिहिलं, "पाच तारखेला येते. मागच्या वेळी मी उपाशी होते आणि नाश्ता झाला असं खोटं सांगितलं. या वेळी पोटभर खाऊन येईन. जे घरात माहीत नव्हतं, ते आता माहीत आहे."

स्वानंद मागे येऊन वाचत उभा राहिला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला. त्या कॅलेंडरवर संकष्टीच्या खुणा असतात, हे त्याला आज दिसलं.

"अगं, पाचला संकष्टी आहे."

"माहितीये."

"तरी खाणार?"

"पोहे खाणार. दोन वाट्या."

तो खाकरला. "नाही, म्हणजे, त्याच आठवड्यात माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे."

मी वळून बघितलं. थट्टा वगैरे नव्हती, तो खरंच काळजीत होता.

"मग तू धर," म्हटलं, आणि मेल पाठवून दिला.