रंभा धवलारीण

"ती बाय नवरीकडं बघून काय पुटपुटते?"

उष्टी हळद घेऊन आलेल्या वरमाईने विचारले आणि बोळिंजच्या मांडवातले हात थबकले. रंभाने चटकन तोंडावर पदर धरला. हळदीचे गाणे, धवला, म्हणून झाला होता, ती गप्पच बसली होती. ओठ मात्र आपले आपण मुडपत होते, जीभ वळवळत होती.

"आमची धवलारीन हाय ती," नवरीची आई जयवंती म्हणाली. "गावातली सगळी लग्नं तिच्याच गळ्यानं लागलीत."

"आसंल. पन माज्या सुनंवर करनी नको."

रंभा उठली. जयवंतीने तिला थांबवले नाही. लेकीच्या लग्नात ती तरी कोणाशी भांडणार?

सुरुवात साध्या जळजळीने झाली होती. लग्नसराईत जागरणे, अवेळी तिखट जेवण, वर काळा चहा. घशाशी आंबट पाणी यायचे, आवाज बसायचा. नाक्यावरच्या डॉक्टरने गोळी दिली, उतार पडला. मग डॉक्टरकडे कोण जातो? रिकामे पाकीट दुकानात दाखवायचे, नवे आणायचे. अशी वर्षे गेली. ओठ हलू लागले तेव्हा तिला वाटले, वय झाले.

मांडवातून परतल्यावर नवऱ्याने, काळूरामने, तिला वसईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"मावशी, ही गोळी थोडे दिवसच घ्यायची असते. तिच्यामुळेच ओठ हलतात. बंद करा."

"मंग थांबतील?"

डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवले. "काहींचे थांबतात."

गोळी बंद झाली तशी आग पुन्हा उसळली. तुळिंजच्या वैद्यांनी चूर्ण दिले, रात्रीचे तिखट बंद केले, जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही म्हणून बजावले. काळूराम बाजारातून सुके आवळे आणायचा, ती त्याच्यासोबत बसून चघळायची. पावसाळा सरेपर्यंत जळजळ खरोखरच गेली. आवाज तर लग्न होऊन आली तेव्हासारखा मोकळा झाला. ओठ थांबले नाहीत.

"ह्ये चूर्न आदी कोनी सांगितलं आसतं तर..." ती एकदाच म्हणाली.

तुळशीचे लग्न झाले, गावात मांडव उभे राहू लागले. बोलावणे आले नाही. मग एके दुपारी जयवंती टेपरेकॉर्डर घेऊन आली. धाकटीचे लग्न ठरले होते.

"वयनी, धवले यात भरून दे. मांडवात लावू." ती रंभाकडे बघत नव्हती. "तुज्याबिगर लगीन लागंल का?"

काळूराम तावातावाने उठला. रंभाने त्याला हातानेच बसवले आणि गायला लागली. गाताना ओठ वळवळ सोडून शब्दांमागे मुकाट चालायचे, हे जयवंतीने तेव्हा पाहिले. तिने डोळे पुसले, कॅसेट पिशवीत टाकली आणि गेली.

हळदीच्या संध्याकाळी रंभाचा आवाज कर्ण्यावरून गावभर झाला. बायका मध्येच हसत होत्या, कोणी साथ देत होते. रंभाने दोन ताटे वाढली. हल्ली तिला कोणासमोर खाता येत नसे, शिते सांडायची. नवऱ्याचे ताट त्याच्यापुढे ठेवून ती आपले घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

काळूरामने एक घास घेतला. मग ताट उचलून तो तिच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून बसला आणि जेवू लागला.