पुलावरच्या चाव्या

हातोडीचा घाव बसला की घट्ट चावी खणकते. सैल चावी नुसतीच थप्प करते. रुळाला जागेवर जखडून ठेवणाऱ्या पोलादी पाचरेला चावी म्हणतात, हे त्या अभियंता मुलीला शाळेत जाण्यापूर्वीपासून ठाऊक होते. तिचे वडील याच मार्गावर चावीवाले होते. रोज सकाळी चालत जायचे, एकेक चावी ठोकून ऐकायची आणि वहीत 'सर्व ठीक' लिहायचे, हे त्यांचे काम.

मार्ग बंद पडून बावीस वर्षे झाली होती. सरकारी पैसा ओतून तो पुन्हा सुरू करावा की नाही, याचा अहवाल आता तिलाच द्यायचा होता. सोबतीला वडिलांच्या टोळीचा निवृत्त मुकादम आला होता.

थप्प. थप्प. मैलभर एकही चावी खणकली नाही.

"पहिलं तिकीट शेळ्याच काढतील," रुळांत चरणाऱ्या कळपाकडे पाहत मुकादम म्हणाला. "दवाखान्यात डॉक्टर नाही आणि यांना गाडी हवी. जखम मांडीला, मलम शेंडीला!"

"लिहू का हे अहवालात, काका?"

"खुशाल लिही. माझी पेन्शन कोण बंद करतंय?"

पुलाशी मात्र तो थांबला. शेवटच्या गाडीचा डबा इथेच घसरून खाली कोसळला होता. चौघे गेले होते. ती एकटीच पुढे झाली आणि तिने घाव घातला.

खण्ण.

दुसरी चावी, तिसरी. सारा पूल खणकत होता. चाव्यांवर गंज नव्हता, बोटाला तेल लागत होते.

"काका, हे कोण करतं?"

"तुझे बाबा करायचे. शेवटपर्यंत."

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणून तर मी इकडे फिरकत नाही," मुकादम म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

खाली उतरून तिने मधला खांब तपासला. त्याला हात जाईल एवढी भेग पडली होती.

घरी दारामागे वडिलांची हातोडी उभी होती. तिचा दांडा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला होता. मुलगी आईकडे पाहत राहिली.

"बघतेस काय? मीच जाते," आई म्हणाली. "डबा कोसळला त्या दिवशी ते तापाने फणफणले होते. शुद्धच नव्हती. वही न्यायला माणूस दारात आलेला. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? 'सर्व ठीक' मीच लिहिलं. त्यांच्या अक्षरात."

"बाबांना कळलं होतं?"

"उठल्यावर वही पाहिली त्यांनी. हातोडी घेतली आणि गेले. मग रोजच गेले." आई जवळ येऊन बसली. "बाळ, तू हो म्हण. एकदा, एकच गाडी त्या पुलावरून धड जाऊ दे. मग मी सुटले."

मुलीने कागद पुढे ओढले. त्या खांबाखाली पुन्हा कोणी उतरणार नव्हते. एक ओळ गाळली असती तर घट्ट चाव्यांचे कौतुक करत समितीने होकार दिला असता. आई शेजारी बसूनच होती. मग मुलीने लिहिले आणि वाचून दाखवले: पुलावरच्या चाव्या घट्ट आहेत. मधला खांब निकामी आहे. गावे निम्मी रिकामी झाली आहेत. हा पैसा रस्त्याला आणि दवाखान्याला द्यावा. मार्ग सुरू करू नये.

आईने मान खाली घातली.

"अक्षर तुझंच ना?"

"हो."

"मग राहू दे."

सकाळी दारामागे हातोडी नव्हती. आई पुलावर सापडली.

"आई, आता गाडी येणार नाही गं."

"कळतं मला. पण ते चौघं अजून उतरले कुठे?"

आईने घाव घातला आणि तो खणखणाट खालच्या दरीत पुरता विरेपर्यंत ती कान देऊन उभी राहिली. मगच पुढची चावी. मुलगी दुसऱ्या रुळाच्या कडेने तिच्याबरोबर चालू लागली.

मधल्या खांबाच्या वर थप्प झाले.

दोघी थांबल्या. काल ही चावी खणकली होती; मुलीने ती स्वतः ठोकली होती.

"ऐकलंस?" आईने विचारले आणि हातोडी तिच्यापुढे केली.